पहाटे तीनला जाग येते. पोथी कुठली वाचावी, कशी वाचावी?

येळ्ळूरची_सून:

नमस्कार सगळ्यांना. इथं रोज वाचते, लिहायला आज बसले. मराठी लिहिण्यात चुका दिसतील, सांभाळून घ्या. माझं माहेर बैलहोंगल तालुक्यातलं. घरात मराठी, शाळा कानडी. देवनागरी शिकले ती हिंदीच्या तासाला. लग्न होऊन येळ्ळूरला आले तेव्हा एसटीची पाटी वाचता यायची, पण पेपर घेऊन बसलं की घरच्यांचा चहा संपून कपबशा विसळून व्हायच्या आणि माझं निम्मं पानसुद्धा झालेलं नसायचं. आता बरं आहे, पण जोडाक्षर आलं की अजून अडखळते. हे सुद्धा निम्मं बोलून टाईप करायलेय.

गेल्या वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं बेळगावातच झालं. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. आता रोज एक गोळी, ती पाच वर्षं घ्यायची आहे, आणि मधूनमधून तपासणी. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत. गल्लीतल्या बायका म्हणतात, सुटलीस बाई. मी पण हो म्हणते.

पण पहाटे तीनला जाग येते ती येतेच. अंग घामानं चिप्प. आमचे हे उद्यमबागला लेथवर आहेत, सेकंड शिफ्ट करून बाराला येतात, त्यांना उठवायचं जिवावर येतं. मुलगा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तो अभ्यास करून नुकता झोपलेला. मग मी स्वयंपाकघरात पाटावर बसते. हात आपोआप काखेत जातो. चाचपते. काही लागत नाही, म्हणून परत चाचपते. तपासणीची तारीख जवळ आली की हे जास्तच. कुणाला सांगावं तर म्हणतात, देवाचं वाच, मन शांत होईल.

देव्हाऱ्यात आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, हरिपाठाची लहान पुस्तिका आहे, पानं कुंकवानं चिकटलेली. मामंजींची सार्थ ज्ञानेश्वरी लाल फडक्यात बांधून ठेवलीय. ते गेल्यापासून कुणी सोडली नाही. माझी वैनी म्हणते, गुरुचरित्राचा सप्ताह कर, सात दिवस एकभुक्त राहा, खाली झोप, सगळं निवळतं. शेजारच्या काकू म्हणतात, बायकांनी गुरुचरित्राला हातच लावायचा नाही. एका सत्संगाला गेले होते, तिथं एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा विश्वास गोळीवर आहे की देवावर?" ते डोक्यातून जाईना झालंय. गोळी घेताना देवाकडं पाठ करून घ्यावी काय, असं वाटतं.

मला एवढंच विचारायचंय. माझ्यासारखीनं, जिला अर्थ निम्माच कळतो, काय वाचावं? अर्थ न कळता वाचलेलं चालतं काय? आणि सप्ताह करावा काय?

---

खानापूरची_सिस्टर:

ताई, पोथीचं जाणकार सांगतील. मी नर्स म्हणून बरीच वर्षं काढलीत, मी गोळीचं सांगते.

पाच वर्षं रोज एक म्हणजे बहुतेक हार्मोनला रोखणारी गोळी. या गोळीनं अंग एकदम तापणं, घाम फुटणं, त्यानं झोप मोडणं हे नेहमीचं आहे. केमोमुळं पाळी अकाली थांबली असेल तर आणखीच. तेव्हा तीनला जाग येते ती तुमची भक्ती कमी पडते म्हणून नव्हे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना घामाचं आणि झोपेचं स्पष्ट सांगा, "बरी आहे" म्हणून उठून येऊ नका. त्यावर उपाय असतात. मेडिकलमधून परस्पर झोपेची किंवा मनाची गोळी मात्र आणू नका. मनाच्या काही गोळ्या या गोळीचा असर कमी करतात, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच.

एकभुक्त वगैरे आत्ता नको. आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. सार्थ ज्ञानेश्वरी केवढी जड असते ठाऊक आहे ना? डाव्या हातावर पेलून तासभर बसू नका, चौरंगावर ठेवा. चाचपायचं डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, सांगितलंय तेव्हाच. पहाटे तीनचं चाचपणं म्हणजे तपासणी नव्हे.

आता तुमच्या आवडीचं. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. तेवीस माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना लॅटिनमध्ये आणि "ओम मणि पद्मे ओम" हा मंत्र मोठ्यानं म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास संथ होऊन मिनिटाला साधारण सहावर आला, आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. रोग बरा झाला असं त्यात कुठं म्हटलेलं नाही, तसं मी पण म्हणत नाही. पण छाती धडधडते त्या वेळी संथ, मोठ्यानं म्हणण्यात काहीतरी आहे एवढं खरं. मनातल्या मनात वाचू नका, ओठ हलू देत.

आणि सत्संगात तसं विचारणाऱ्याला सांगा, सिस्टरनं सांगितलंय गोळी चुकवायची नाही.

---

कडोलीचा_माळकरी:

रामकृष्ण हरी माउली.

ताई, मामंजींची ज्ञानेश्वरी घरात आहे म्हणता आणि काय वाचू म्हणून विचारता? फडकं सोडा.

पण पहिल्यापासून सुरू करू नका. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. पहिल्याच अध्यायात नमन, मग युद्धाची तयारी, शंख, सैन्य. नवखा माणूस तिथंच थकतो. सरळ बारावा उघडा. भक्तियोग. गीतेचे वीसच श्लोक, ओव्या अडीचशेच्या आसपास. देवाला कसा माणूस आवडतो ते त्यात सांगितलंय, आणि उपास करणारा आवडतो असं काही त्यात नाही बरं का.

रोजचं म्हणाल तर हरिपाठ. अठ्ठावीस अभंग, काही प्रतींत सत्तावीस. अर्ध्या तासाच्या आत होतो. आणि माझं स्पष्ट मत असं की तो घरात एकटीनं म्हणायचा नाहीच. आपल्या बेळगाव तालुक्यात देवळात संध्याकाळी हरिपाठ होत नाही असं गाव दाखवा मला. सुगी उरकली की गावोगाव पारायण लागतं. काकड्याला बायका असतात, ज्ञानेश्वरीला बसायला बायका असतात, प्रवचनाला तर पुरुषांपेक्षा बायकाच जास्त. तिथं कुणाला कळतं कोण कुठं अडखळलं? शंभर जण म्हणत असतात, तुमचं जोडाक्षर त्यात वाहून जातं.

अर्थाच्या मागं लागू नका. आमच्या वडलांना सही येत नव्हती, पण हरिपाठ पाठ होता, आणि माघवारी चुकली नाही कधी.

---

निपाणीच्या_बाई:

माळकरी भाऊंचं निम्मं पटलं, निम्मं नाही. मराठीची शिक्षिका होते, त्यामुळं अर्थ सोडा म्हटलं की माझा हात खडूकडं जातो.

सुनबाई, ज्यांच्या कानावर लहानपणापासून अभंग पडलेत त्यांना अर्थ न लावता चालतं, कारण तो त्यांच्यात आधीच मुरलाय. तुमचं लहानपण बसवण्णांच्या कानडी वचनांत गेलं असणार. तुम्हाला ओवी परकी वाटणार, आणि नुसतं अक्षर ओढत वाचलंत तर आठवड्याभरात कंटाळाल. म्हणून एका बैठकीला चार-पाच ओव्याच घ्या. आधी मोठ्यानं. मग खालचा सार्थ भाग. मग परत ओवी. अडलेल्या शब्दावर पेन्सिलीनं कानडीत अर्थ लिहा. हो, ज्ञानेश्वरीत कानडी अक्षरात लिहा. मामंजी रागावणार नाहीत. पोथी वाचून मळते तेवढी बरी.

आता गुरुचरित्र. बायकांनी वाचू नये असा संकेत काही परंपरांत आहे, त्यात वेदमंत्र येतात हे कारण देतात. दुसरीकडं निपाणीहून पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं वाचतायत, मी त्यातली एक. वैनींना आणि काकूंना भांडू द्या. माझी हरकत वेगळी आहे. त्या ग्रंथात आजार, अकाली मरण, आणि हे कुठल्या जन्मीच्या पापाचं फळ याच्या कथा जागोजाग आहेत. गुरुकृपेनं सुटका होते हे खरं, पण सुटकेच्या आधी पापाचा हिशोब येतो. तुमच्या आत्ताच्या मनाला पहाटे तीनला तो हिशोब लागला तर तुम्ही स्वतःच आरोपी होऊन बसाल. ज्या बाईचं नुकतंच ऑपरेशन झालंय तिला सप्ताह सांगणाऱ्यांनी आधी हे अध्याय स्वतः नीट वाचावेत. पुढं वर्षा-दोन वर्षांनी वाचा, बावन्न अध्याय कुठं पळून जात नाहीत.

मात्र त्यातलं एक तुमच्यासाठीच ठेवलंय असं समजा. एकेचाळिसावा अध्याय काढा. ग्रंथकार सरस्वती गंगाधर, त्यांचे पूर्वज सायंदेव, कडगंचीचे, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद तालुक्यातलं गाव. त्या सायंदेवांनी गुरूंची स्तुती केलीय ती चक्क कानडी पदांत, देवनागरीत छापलेली. आम्ही मराठी शाळेतले तिथं आलो की दातांत खडे आल्यासारखे वाचतो. वर्षानुवर्षं वाचतेय, ओळ कुठं तोडायची ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळेल. वैनींना विचारा, त्या पदांचं काय करतात.

---

अनगोळ_नाका:

मी देव मानत नाही, हे आधी सांगतो म्हणजे नंतर वाद नको.

माझ्या आईला हेच दुखणं झालं होतं. ती इथल्याच हरिमंदिरात, कलावती आईंच्या, भजनाला जाणारी. मी गाडीवरून सोडायचो आणि बाहेर मोबाईल बघत बसायचो. केमोला खुर्चीत सुई लावून तासन्तास बसायला लागायचं. आई पुटपुटत भजन म्हणायची. शेजारच्या खुर्चीत एक मुस्लिम आजी तसबीह फिरवायच्या. दोघींची ओळख झाली ती एकमेकींच्या ओठांकडं बघून. पुढं त्या तारखा ठरवून एकाच दिवशी यायला लागल्या आणि दोघींचं मिळून सुनांवर जे चालायचं ते नर्सबाई थांबून ऐकायच्या.

मी वाचलेलं एक सांगतो. अमेरिकेत सहा हॉस्पिटलांत बायपासच्या १,८०२ पेशंटवर एक मोठा प्रयोग झाला, २००६ साली छापून आला. अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थनेनं फरक पडला नाही. उलट ज्यांना "तुमच्यासाठी प्रार्थना चाललीय" असं पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, ५९ टक्के. ज्यांना नक्की सांगितलं नव्हतं त्यांच्यात ५२ टक्क्यांच्या आसपास.

हे तुमचा हिरमोड करायला लिहीत नाही. उद्या एखादा रिपोर्ट वाकडा आला आणि कुणी म्हणालं की हरिपाठ चुकला म्हणून झालं, तर त्याच्या तोंडावर हा आकडा मारा. आमच्या आईला एका नातेवाईकबाईनं तसं ऐकवलं होतं. त्या बाईंचा फोन मी अजून उचलत नाही.

भजनानं आईचा आजार हलला नाही, औषधानं हलला. पण भजनाच्या दिवशी ती जेवायची नीट. का ते मला सांगता येत नाही.

---

कडोलीचा_माळकरी:

@अनगोळ_नाका भाऊ, बाहेर मोबाईल बघत का असेना, भजन कानावर पडलंच की. तुमचं खातं उघडलंय.

@निपाणीच्या_बाई, खडू खाली ठेवा. पेन्सिलीचं मात्र पटलं.

---

बाळेकुंद्री_रोड:

चर्चा चांगली चाललीय म्हणून एकच भर. एकांत हवा असेल आणि देवळातली गर्दी नको असेल तर पंत महाराजांची आमराई बघून या. बाळेकुंद्रीला बेळगावहून बसनं सहज जाता येतं. पंत (१८५५ ते १९०५) बेळगावात शिक्षक होते, संसारी माणूस. त्यांची पदं साधी आहेत, ओवीइतकी जुनी भाषा नाही, त्यामुळं तुम्हाला सोपी जातील. ऑक्टोबरच्या सुमारास उत्सवाला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा नको. एरवी आठवड्यातल्या कुठल्याही कामाच्या दिवशी दुपारी जा. डबा घेऊन गेलात तरी चालतं.

---

येळ्ळूरची_सून:

उशिरा उत्तर देतेय, मध्ये तपासणी होती. सगळ्यांचे आभार.

सिस्टर, डॉक्टरांना घामाचं सांगितलं. ते म्हणाले, आधी का नाही सांगितलं? आता काय सांगू, तुम्ही दोन मिनिटं देता आणि बाहेर चाळीस जण असतात. काही बदल सांगितलेत. घाम पूर्ण गेला नाही, पण रोज रोज चादर बदलावी लागत नाही. गोळी आता देव्हाऱ्यासमोर उभी राहूनच घेते, मुद्दाम.

ज्ञानेश्वरीचं फडकं सोडलं. आत मामंजींच्या हातचा कागद निघाला. मला वाटलं काही मंत्र-बिंत्र असेल. बासमतीच्या पोत्यांचा हिशोब होता, हमाली वजा करून. पंधराव्या अध्यायात खूण म्हणून घातलेला. आमचे हे बघून इतके हसले की मुलगा उठून आला. बारावा अध्याय चौरंगावर ठेवून चार-चार ओव्या वाचतेय. पेन्सिलीनं कानडीत लिहायला पहिल्यांदा हात धजेना, मग लिहिलं. आता पानाच्या कडेला माझी कानडी आणि मामंजींच्या मराठी खुणा शेजारी शेजारी आहेत. काही ओव्या अर्थ बघायच्या आधीच कळतात, त्यातले कितीतरी शब्द माहेरी बोलतो त्याच्याजवळचे वाटतात. काही मात्र सार्थ वाचून पण कळत नाहीत. त्या सोडते.

माळकरी भाऊ, देवळात गेले. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी पदर दोन्हीकडून ओढून खांबाच्या मागं उभी राहिले, कारण सगळ्या बायका आधी माझ्या छातीकडं बघतात आणि मग तोंडाकडं. हरिपाठ सुरू झाल्यावर कुणी बघितलं नाही. त्यांचं लक्ष टाळांवर. एका म्हातारीनं माझी पुस्तिका उघडून बरोबर अभंगावर बोट ठेवलं आणि पानं होतील तसं बोट सरकवत राहिली, म्हणता म्हणता. तिचं बोट हळदीनं पिवळं, नखाला चुना. आता मी तिच्याच शेजारी उभी राहते. तिनं आजाराबद्दल अजून एक शब्द विचारला नाही. तिच्या म्हशीला मात्र काय झालंय ते सगळं मला माहीत आहे.

पहाटेचं म्हणाल तर जाग येते. पाटावर बसून हरिपाठाचे येतात तेवढे अभंग मोठ्यानं म्हणते, म्हणजे कुजबुजतच. दोन्ही हात पुस्तिका धरायला लागतात, पानं सुटायला आलीत ना. त्यामुळं काखेत हात जात नाही. गेला तरी उशिरा जातो. तपासणीच्या दिवशी टोकन घेऊन बसले होते तिथं पुस्तिका पर्समधून काढली. एकच अभंग परत परत वाचत होते, कारण डोळे पुढं सरकतच नव्हते. पोटातला गोळा होताच. नंबर पुकारला तो मला ऐकू आला नाही, शेजारच्या बाईनं ढोसलं. रिपोर्ट चांगला आहे.

आणि बाई, तुमच्या एकेचाळिसाव्या अध्यायाचं. वैनीला फोन करून विचारलं, त्या पदांचं तू काय करतेस? ती म्हणाली, "तेवढं सोडूनच पुढं जातो सगळे, दत्तगुरू समजून घेतात." इतकी वर्षं सप्ताह करते ही बाई! मुलाला मोबाईलवर अध्याय काढायला लावला. बघितलं तर खरंच कानडी, जुनी, शाळेत हळेगन्नड म्हणून वाचायला असायचं त्याच्यापेक्षा सोपी. काही अक्षरं देवनागरीत जाऊन वाकडी झालीत, तरी वाचता येतं. फोनवरच म्हणून दाखवलं. वैनी गप्प. मग म्हणाली, परत म्हण, मी रेकॉर्ड करते. आता त्यांच्या सप्ताहात ते रेकॉर्डिंग लावणार आहेत म्हणे. म्हणजे बायकांनी वाचू नये म्हणतात तो ग्रंथ, त्यातलं पुरुषांना न येणारं पान माझ्या आवाजात. काकूंना अजून सांगितलं नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. हरिपाठाची पुस्तिका आता फार दिवस टिकणार नाही. मोठ्या अक्षरातली, जोडाक्षरं सुटी दिसतील अशी बेळगावात कुठं मिळेल काय?

---

निपाणीच्या_बाई:

मोठ्या टायपातली मिळते. गणपत गल्लीकडं धार्मिक पुस्तकांची दुकानं बघा, नाही तर पारायणाच्या मांडवाबाहेर पुस्तकवाले बसतात त्यांच्याकडं. घेताना उघडून एक अभंग तिथंच उभ्यानं वाचा. अडखळलात तर दुसरी मागा, दुकानदाराला लाजू नका. आणि ते रेकॉर्डिंग मला पण पाठवा. ओळी कुठं तोडल्यात ते ऐकायचंय.

---

कडोलीचा_माळकरी:

विकत घेऊ नका ताई. आमच्या देवळात मोठ्या अक्षरातल्या प्रती शिल्लक आहेत, गेल्या पारायणाला कुणीतरी वाटल्या होत्या. गुरुवारी बाजाराला बेळगावला येतो, निरोप टाका, वडगावात येऊन देतो. त्या म्हातारीसाठी पण एक आणू काय?

---

येळ्ळूरची_सून:

तिला नको. तिला पाठ आहे, तिला बोट ठेवायलाच पुस्तिका लागते. मला एक आणा.